वैशाखात मोजलेला मळा

नकाशात मोकळी जागा कशी काढतात ते आता सांगून टाकतो. दुकान बंद केलंय, माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही.

आधी रस्ते आखायचे. मग प्लॉट पाडायचे. प्लॉट सगळे चौकोनी, कारण वाकडा प्लॉट घ्यायला कोणी तयार नसतं. असे चौकोन पाडत पाडत कडेला गेलं की एक तुकडा उरतो. कधी तो अर्धा ओढ्यात उतरलेला असतो, कधी डोक्यावर विजेच्या मोठ्या तारा असतात, कधी नुसता कातळ. त्या तुकड्याला हिरवा रंग द्यायचा, आत दोन गोल झाडं काढायची आणि सुवाच्य अक्षरात लिहायचं, 'मोकळी जागा तथा उद्यान'. कायद्याला शेकडा दहा जागा मोकळी लागते. ती माणसांनी बसायची आहे की खेकड्यांनी, हे माझ्या तीस वर्षांत तरी कोणी विचारलं नाही.

मुरबाडला एसटी स्टँडच्या समोर, औषधाच्या दुकानावरच्या माडीत माझं ऑफिस होतं. पाटीवर 'जमीन मोजणी व नकाशे'. लोक मला मोजणीमास्तर म्हणत. धंदा तसा सोपा. तिपाईवर एक यंत्र लावायचं, त्याला दुर्बीण असते. समोर लांब एक माणूस आरशाची काठी धरून उभा राहतो. दुर्बिणीतून काठी धरली की ती किती लांब, किती उंच, ते यंत्र सांगतं. काठी पुढच्या कोपऱ्यावर, परत तेच. दिवसभर उन्हात असे दोन-तीनशे ठिपके गोळा करायचे आणि ऑफिसात येऊन जोडायचे. झाला नकाशा.

काठी धरायला दत्तोबा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, म्हसा गावाकडचा. हा गृहस्थ काठी धरून उभ्या उभ्या झोपायचा. पण काठी कधी सुतभर हलली नाही, म्हणून मीही कधी उठवलं नाही. बोलायचा अगदी कमी. विचारल्याशिवाय तर तोंडच उघडायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गिऱ्हाईक मात्र मी विसरलो नाही. शहापूरच्या बाजूला एका शेठने बंगल्यांचे प्लॉट पाडले होते, नकाशा माझा. मुरबाड-शहापूरकडच्या अशा जाहिराती वाचल्यात का तुम्ही? मुरबाडला रेल्वेच नाही, पण जाहिरातीत स्टेशन पाच मिनिटांवर असतं. तर डोंबिवलीचे एक काका तिथला प्लॉट घेऊन बसले होते. ते एका रविवारी बायकोला, घडीच्या खुर्चीला आणि चहाच्या थर्मासला घेऊन थेट माझ्या माडीवर आले.

"नकाशावर तुमचं नाव आहे. उद्यान कुठंय ते दाखवा."

मी म्हटलं, अहो, सगळीकडे निसर्गच निसर्ग आहे. काका म्हणाले, निसर्ग फुकट आहे, उद्यानाचं सांगा. शेवटी रिक्षात बसवून घेऊन गेलो. उद्यान म्हणजे ओढ्याची उभी दरड. काकांनी वाकून खाली पाहिलं.

"यात उतरायचं कसं?"

"पावसाळ्यात उतरूच नका."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात सकाळच्या वेळी तिकडे गावातली माणसं असतात," मी म्हटलं. "डबा घेऊन."

काकू मान फिरवून हसल्या. काकांनी काठावर खुर्ची उघडली, बसले, थर्मासच्या झाकणात मला चहा दिला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मास्तर, तुमच्या नातवाला आणाल इथे खेळायला?" मी म्हटलं ऊन फार आहे, चला निघू या. लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या आठवड्यात नवं काम आलं आणि मी परत उरलेल्या तुकड्याला हिरवा रंग दिला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

मुरबाडहून म्हशाच्या वाटेला आत एक वाडी आहे. एकोणीस घरं. घरं म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, काहींवर कौलांऐवजी प्लास्टिक. त्या सगळ्यांना घरकुलं मंजूर झाली. वाडीशेजारी गावाची सामाईक जमीन होती, तिथे वसाहत करायची ठरली. पंचायतीच्या इंजिनिअरने मला बोलावलं, मोजणी करा आणि घरं आखून द्या.

मी गेलो वैशाखात. आमच्या धंद्यात सगळी मोजणी उन्हाळ्यातच होते. पावसात यंत्र भिजतं, गवतात काठी दिसत नाही आणि शेतात चिखल. संक्रांतीनंतर आम्ही बाहेर पडतो, मृगाआधी यंत्र पेटीत. एवढ्या वर्षांत हे कधी खटकलं नव्हतं.

जागा बघून मी खूश झालो. वाडी उतारावरच्या कातळावर, आणि तिच्याखाली हा तुकडा एकदम सपाट, मऊ मातीचा. एक झुडूप नाही. जमीन मध्ये मध्ये भाजल्यासारखी काळी, कुठे शेणाचे पो, दोन म्हशी निवांत रवंथ करत बसलेल्या. अशी बिनकटकटीची जागा नशिबाने मिळते. वहीत नोंद केली, 'पडीक'. दुपारपर्यंत मोजणी उरकली आणि मुरबाडला येऊन मिसळ खाल्ली.

ऑफिसात बसून झकास नकाशा काढला. एकोणीस घरं, प्रत्येक सुटं, चारी बाजूंनी जागा सोडलेली, मध्ये रस्ता. सगळा सपाट तुकडा त्यात संपला. मोकळी जागा? ती वरच्या कातळावर. हिरवा रंग, दोन झाडं. इंजिनिअर म्हणाला, मास्तर, एखाद्या सोसायटीसारखं दिसतंय हो. मंजुरी झाली.

श्रावणात त्याचा फोन आला. पाया कधी खणायचा तो दिवाळीनंतर खणू, पण जागेवर फक्की मारून घरांच्या रेषा आखायच्या आणि त्याचे फोटो चढवायचे, वरून घाई आहे. आता भर श्रावणात चुन्याची फक्की मारणं म्हणजे नदीवर सही करण्यातला प्रकार. पण वरून घाई म्हटल्यावर शहाणपण शिकवायचं नसतं. मी, दत्तोबा आणि इंजिनिअर, तिघे फक्कीची गोणी घेऊन गेलो.

जागाच सापडेना. यंत्र म्हणतंय इथेच, आणि समोर रान माजलेलं. चहूबाजूंनी फांद्यांचं छातीएवढं कुंपण. आत मांडवच मांडव. शिराळी लोंबतायत, दुधी लोंबतायत, भेंडी माणसाएवढी, आणि जमिनीवर काकडीचे वेल असे पसरलेले की पाऊल टाकायला जागा नाही. कुंपणाला एकच फाटक, बांबूच्या चिवाट्यांचं. मी ते ओलांडून पहिल्या घराच्या कोपऱ्यावर पोचलो, वाकलो आणि एका काकडीवर फक्कीची मूठ टाकली.

"ए मास्तर! त्या काकडीवर पाय पडला ना, तर पाय काढून मांडवाला टांगीन!"

मांडवाखालून एक म्हातारी बाहेर आली. चांगुणाबाई. सत्तरीची, काटक, कमरेला विळा. तिचं घर आदल्या वर्षीच्या पावसात बसलं होतं, तेव्हापासून ती प्लास्टिकखाली राहत होती. घरकुलाच्या यादीत पहिलं नाव तिचं. म्हणजे मी तिचंच घर आखायला तिच्याच काकडीवर उभा होतो.

"आजी, इथे तुमची घरं होणार आहेत," इंजिनिअर म्हणाला.

"आनि मळा रे?"

"कसला मळा? नकाशात इथे पडीक आहे."

"पडीक?" तिने हातभर शिराळं त्याच्या तोंडासमोर धरलं. "ह्ये पडीक हाय? कोनी लिवलं?"

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, तीस वर्षं मोजणीचा धंदा केलेला माणूस, हातात फक्की, नाकावर फक्की, सरळ म्हणालो, "वरच्या कचेरीतून तसंच आलंय. आमच्या हातात काय असतं?"

मागे दत्तोबा खोकला.

एव्हाना बायका जमल्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझे कान लाल झाले. मळा सगळ्या वाडीचा. एकोणीस घरांचे एकोणीस पट्टे, कुंपण एक. पावसाआधी एक दिवस ठरवून सगळ्या मिळून कुंपण घालतात. पावसाळ्यात भाजी, पाणी ओसरलं की वाल. निम्मं घरी खातात, निम्मं पाट्यांत भरून मुरबाडच्या बाजाराला. वाल निघाले की कुंपण मोडायचं. त्या वाळक्या फांद्या जमिनीवर अंथरून जाळतात, भाताचं रोप टाकायला जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. मग आत गुरं सोडतात, तेवढंच शेण पडतं. म्हणजे वैशाखात जाल तर तिथे राख, शेण आणि म्हशी. मला दिसलं ते सगळं खरं होतं. फक्त ते काय आहे, हे मला कळलं नव्हतं.

इंजिनिअर उतरून गेल्यावर जीपमध्ये मी दत्तोबावर उखडलो. "तुला ठाऊक होतं हा मळा आहे?"

"व्हय."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं नाय."

कप्पाळ माझं!

पुढे ग्रामसभा झाली, शाळेच्या वर्गात. मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. इंजिनिअरने साफ सांगितलं. तो पोरगा वाईट नव्हता, त्याचेही हात बांधलेले होते. म्हणाला, नकाशा मंजूर झालाय. आता जागा बदला म्हणाल तर सगळं पहिल्यापासून, आणि हे वर्ष संपलं की मंजुरी जाईल. घर हवं की काकडी, ठरवा.

सरपंच बाळाराम चांगुणाबाईला समजावायला लागला, "आजी, तुझ्या डोक्यावर छप्पर नाय. घर घे. भाजी काय बाजारात भेटते."

"बाजारात भाजी आमीच नेतो ना रं," ती म्हणाली. "मंग बाजारात कोन आननार? तुजा बाप?"

बायका हसल्या. तिने मात्र हसणं येऊ दिलं नाही. उठून माझ्या नकाशापाशी गेली. मी तो फळ्यावर डकवला होता. जरा वेळ बघत राहिली.

"मास्तर, ही घरं अशी लांब लांब का उभी केलीस? आमी काय येकमेकींशी भांडलोय?"

मी सांगितलं, हवा-उजेडासाठी चारी बाजूंनी जागा सोडावी लागते.

"कोनाच्या हवेसाटी? भिंतीला भिंत लाव. वर कातळावर लाव, आता हाव तितंच. आमची आजी-पंजी काय येडी व्हती, कातळावर घर बांधत व्हती? मातीवर घर कोन बांधतो रे? तू घरं मातीत घातलीस आनि बाग दगडावर!"

अहो, मी तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण एवढ्या थोडक्यात माझी अक्कल कोणी मोजली नव्हती. मी मनातल्या मनात हिशेब केला. जोडघरं, दोन रांगा, समोरासमोर, मध्ये अंगण. पुढून हवा, मागून हवा. कातळावर पाया उथळ चालतो. एकोणीसच्या एकोणीस घरं वाडीच्याच जागेत बसत होती आणि खालच्या मळ्याला बोट लागत नव्हतं. भिंती सामाईक म्हणजे बांधकामही कमी. हे मला वैशाखात सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी प्लॉट पाडायला बसलो होतो, घरं बांधायला नव्हे.

इंजिनिअरने फाइल चाळली. म्हणाला, एक वाट आहे. मूळ मोजणीत चूक झाली असं दाखवलं तर दुरुस्ती म्हणून नकाशा बदलता येतो, नवी मंजुरी लागत नाही. पण जागेचं वर्णन चुकीचं नोंदलं असं ज्याने नोंदलं त्याने लिहून द्यायला हवं. "वरच्या कचेरीत कोणी नोंदलंय ते शोधतो मी," तो म्हणाला, आणि मागचं पान उलटायला लागला. मागच्या पानावर माझी सही होती.

मोजणीवाल्याने आपली मोजणी चुकली असं लिहून देणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? आमच्या धंद्यात माणूस बायकोपाशी चूक कबूल करेल, पण बांधावर करणार नाही. एकदा चुकलो म्हटलं की तालुक्यातला प्रत्येक भाऊबंद जुने नकाशे घेऊन दारात उभा. दत्तोबा शेवटच्या बाकावर बसला होता, आणि त्या दिवशी चक्क जागा होता.

मी उठलो. "कचेरी-बिचेरी काही नाही," मी म्हटलं. "पडीक मीच लिहिलं. त्या दिवशी खोटं बोललो. कोणाला विचारलं नाही, उन्हाळ्यात आलो, म्हशी बघितल्या आणि लिहून मोकळा झालो. माझं चुकलं."

मला वाटलं आता गदारोळ होणार. चांगुणाबाईने पदराने नाक पुसलं.

"बस खाली," ती म्हणाली. "सगल्यांना ठावं हाय. दत्तोबानं त्याच दिशी सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कंदी बोलतोस त्ये बगत व्हतो."

मी दत्तोबाकडे वळलो. तो म्हणाला, "त्यांनी इचारलं."

भादव्यात परत मोजणी केली. आयुष्यात पहिल्यांदा पावसाळ्यात. यंत्रावर छत्री, माझ्या डोक्यावर गोणपाटाची खोळ, पायात चिखलाचे दोन-दोन किलोचे बूट. एकेक पट्टा वेगळा मोजला. काठी दत्तोबाने धरली नाही, ज्या बाईचा पट्टा तिनेच धरली. काठी सरळ ठेवा म्हटलं की त्या आणखी वाकडी धरायच्या आणि खिदळायच्या. एकीने काठीला शिराळं बांधलं. मी दुर्बिणीतून आरसा शोधतोय आणि समोर शिराळं! शिव्या घातल्या, परत मोजलं. नकाशावर मी हिरवा रंग दिला नाही, झाडंही काढली नाहीत. एकोणीस पट्टे, एकोणीस नावं आणि वर लिहिलं, 'वाडीचा सामाईक मळा, वहिवाटीतला'. दुरुस्तीचा अर्ज जोडला, खाली सही केली.

घरं झाली. भिंतीला भिंत लावून दोन रांगा, मध्ये अंगण. त्या अंगणात आता वाल वाळत पडलेले असतात. चांगुणाबाईचं घर रांगेत शेवटचं, मळ्याच्या बाजूचं. तिथूनच तिला सगळ्यांवर ओरडता येतं.

माझं मात्र एक कायमचं बिनसलं. ऑफिस आवरताना जुन्या नकाशांची भेंडोळी खाली काढली. जिथे तिथे माझ्या अक्षरात 'पडीक'. मुरबाड, शहापूर, खर्डी, कुठे कुठे. सगळ्या मोजण्या उन्हाळ्यातल्या. त्यातलं किती खरंच पडीक होतं आणि किती कोणाचा मळा होता, कोण सांगणार? आज त्यातल्या बऱ्याच जागांवर शेठ लोकांचे बंगले आहेत. दोन-चार ठिकाणी जाऊन विचारलं. तिथे विचारायला जुनं माणूसच उरलं नव्हतं. वाईट वाटतं, फार वाटतं. वाटून उपयोग नाही तरी वाटतं.

यंदा वैशाखात वाडीवर गेलो होतो, सहज. मळ्यात नेहमीसारखी राख, शेण, म्हशी. कुंपण जाळून झालेलं. आणि त्या उघड्याबोडक्या मैदानाच्या कडेला ते बांबूचं फाटक, एकटंच उभं. दोन्ही बाजूंना काही नाही. नवी चिवाटी बांधलेली, कडी लावलेली.

मला हसू आलं. "आजी, कुंपण नाही आणि फाटक कशाला ठेवलंय?"

चांगुणाबाई दारात वाल निवडत बसली होती. "तुज्यासारक्या येड्यांसाटी," ती म्हणाली. "उन्हाल्यात तुमाला मळा दिसत नाय. निदान फाटक तरी दिसंल."

मी फाटक टाळून बाजूनेच मळ्यात पाऊल टाकलं.

"ए मास्तर! तितून नाय!"

मागे फिरलो. फाटकापाशी गेलो, कडी काढली, आत शिरलो आणि वळून कडी लावून घेतली. म्हशी बघत होत्या.